तेलाचा लाल दिवा लुकलुकतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश, एसी सुरू आणि गाडी ग्वाल्हेरच्या थाटीपुर चौराह्यावर अडकलेली. डॅशबोर्डवरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवा बहुतेक वेळा अशाच घडीला पहिल्यांदा लुकलुकतो. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की विझतो, पाय काढला की परत सुरू. गाडी गोला का मंदिरच्या दिशेने सुटली की दिवाही जातो आणि मालकाची काळजीही. मग ओळखीच्या माणसांना विचारणं सुरू होतं आणि ग्वाल्हेरात काय, पुण्यात काय, दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘सेन्सर गेला असेल.’ दुसरं, ‘तेल पातळ झालंय, जाड टाका.’ ही दोन्ही उत्तरं अधूनमधून खरी ठरतात आणि म्हणूनच ती इतकी घातक आहेत. सेन्सर बदलून किंवा जाड तेल ओतून दिवा गप्प झाला की दुखणं बरं झालं असं समजलं जातं आणि काही महिन्यांनी तेच इंजिन खडखड करत गॅरेजच्या दारात उभं राहतं.

या प्रश्नावर मिस्तरी, सर्व्हिस सेंटर, गाड्यांची पुस्तकं आणि शास्त्र काय म्हणतं ते एकत्र पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो: तेलाची पातळी पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये आणि दाब मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये.

दिवा नेमकं काय सांगतो हे आधी बघू. इंजिनाच्या ब्लॉकवर, बऱ्याच गाड्यांत ऑइल फिल्टरच्या आसपास, एक छोटा स्विच असतो. आत पातळ पडदा आणि स्प्रिंग. तेलाला दाब नसतो तेव्हा स्विच जोडलेला राहतो, म्हणून चावी फिरवताच दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला की पडदा उचलला जातो, जोड तुटतो आणि दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत ही सगळी यंत्रणा एवढीच आहे. ती काही मोजत नाही. हमरस्त्यावर इंजिनाला तीन-चार बार दाब मिळायला हवा असताना जेमतेम एक बार मिळत असला तरी दिवा विझलेलाच राहील. म्हणजे दिवा लुकलुकायला लागला तेव्हा दाब आताच घसरला असं समजू नका. तो आधीपासून घसरत असू शकतो, फक्त आता गरम इंजिनाच्या आयडलिंगला त्या शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला.

काही कंपन्यांनी ही उणीव ओळखली होती. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या इंजिनांवर दोन स्विच असायचे, एक ०.३ बारचा आणि दुसरा १.८ बारचा. इंजिन साधारण २,००० फेऱ्यांच्या वर गेल्यावर दुसऱ्या स्विचने होकार दिला नाही तर बझर वाजायचा. त्याही आधी सरळ काट्याचा गेज असे. विलीज जीपच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा गेज होता आणि चालवणारा त्यावरून इंजिनाचं वय सांगायचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत हडसन कंपनीने गेज काढून दिवे बसवायला सुरुवात केली आणि हळूहळू साऱ्या जगाने तेच केलं. गेजचा खर्च वाचला, सामान्य चालकाला आकड्यांची कटकट राहिली नाही, पण ‘किती’ हा प्रश्न विचारायची सोयच गेली. निदानाची आजची बरीचशी गडबड या एका बदलातून आलेली आहे.

आता दाब म्हणजे काय, याकडे येतो. इथे बहुतेकांची समजूत अशी असते की पंप दाबाने तेल आत ढकलतो आणि त्या दाबावर क्रँकशाफ्ट तरंगतो. ही समजूत चुकीची आहे. १८८३ साली ब्यूचॅम्प टॉवर या इंग्रज इंजिनिअरने रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालायला बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं, तर ॲक्सल फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, मग लाकडी खुंटी ठोकली; तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी गेज लावला, तर काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड. तिथे पंप नव्हताच. हा दाब फिरणाऱ्या ॲक्सलने स्वतःच तयार केला होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं.

गाडीच्या इंजिनातही हेच होतं. धातूला धातूपासून दूर ठेवणारी तेलाची साय क्रँकशाफ्ट फिरता फिरता स्वतः धरतो. पंपाचं काम त्या जागी तेल कमी पडू न देणं. गेजवर दिसणारा दाब हा त्या पुरवठ्याचा हिशोब आहे: पंप किती तेल पाठवतो आणि बेअरिंगच्या फटींतून ते किती सहज निसटतं. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की दाब वाढतो, अंगठा सैल केला की पडतो, तसंच. नळ म्हणजे पंप, अंगठा म्हणजे बेअरिंग. अंगठा किती सैल झाला याला भयंकर महत्त्व आहे, कारण अरुंद फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. क्लिअरन्स दुप्पट झाला तर आठपट तेल निसटतं. सुदृढ बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. त्यात थोडी झीज झाली तरी हिशोब कुठल्या कुठे जातो.

यातून एक गोष्ट हाती लागते. दिवा लुकलुकतो हे लक्षण सांगून भागत नाही, तो केव्हा लुकलुकतो हे सांगावं लागतं. चांगला मिस्तरी पहिला प्रश्न हाच विचारतो.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा लागला, तर आधी तेलच कमी आहे असं धरा. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या नळीला हवा मिळते. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि मग बघा. बऱ्याच गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. काडीला तेलच लागत नसेल तर त्याहून जास्त कमी आहे, आणि ते गेलं कुठे हा पुढचा प्रश्न. गळती जमिनीवर दिसते, रिंग झिजल्याचा निळसर धूर मागे दिसतो, आणि नुसत्या आळसाने वर्षभर काडी न पाहिल्याचं कुठेच दिसत नाही.

खड्ड्यात गाडी आपटली की दिवा चमकतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा काही संबंध दिसत नाही, तर वायर किंवा कनेक्टर तपासा. थंडीत सकाळी इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद खडखड आणि दिवा उशिरा विझणं, हे बऱ्याचदा फिल्टरचं काम असतं: रात्रभर तेल मागे उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये रबरी झडप असते, ती हलक्या मालात कडक होते किंवा धड बसत नाही. आणि चालत्या गाडीत, वेगात असताना दिवा लागून तसाच राहिला, तर निदान वगैरे काही नाही. रस्त्याच्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, म्हणून इंजिन गमावलेली माणसं कमी नाहीत.

राहिला थाटीपुर चौराह्यावरचा प्रकार: गरम इंजिन, आयडलिंग, पाय दिला की बंद. तेल सगळ्यात पातळ आणि पंप सगळ्यात हळू, अशी ही घडी. इथे चार-पाच कारणं एकमेकांत मिसळतात आणि सगळी भांडणं इथलीच आहेत.

आधी तेलाकडे पाहू. मल्टिग्रेड तेलात दाटपणा टिकवणारी रसायनं असतात, वापरात ती तुटतात आणि तेल स्वतःच्या ग्रेडखाली उतरतं. शिवाय इंधन मिसळतं. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये जायचं. डिझेलच्या नव्या गाड्यांत वाट वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ती काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा सोडतात आणि त्यातलं थोडं भिंतीवरून खाली तेलात उतरतं. लांब रस्त्यावर त्यातलं काही उडून जातं. थाटीपुर ते मुरार, मुरार ते स्टेशन अशा फेऱ्यांत जाळण्याचं काम अर्धवट राहतं, परत परत सुरू होतं आणि तेलात डिझेल साठत जातं. अशा गाडीची काडी पाहिली तर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. मालक खूश होतो. खरं तर त्याने ताबडतोब तेल बदलायला हवं. काडीवरच्या तेलाला डिझेलचा वास येतो का, पाण्यासारखं ओघळतं का, दुधाळ दिसतं का (म्हणजे कूलंट मिसळलं असू शकतं), हे पाहायला कुठलं यंत्र लागत नाही.

मग जाड तेलाचा वाद. त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पूर्ण चुकीची नाही. १०० अंशाला ३० ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे एका ग्रेडने वर गेलं की आयडलिंगचा दाब खरोखर वाढतो, दिवा खरोखर विझतो. कंपनीच्या पुस्तकात हवामानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असेल आणि त्यात तुमच्या उन्हाळ्यासाठी ४० बसत असेल, तर ते घालण्यात काहीच गैर नाही. ग्वाल्हेरचा उन्हाळा कुठल्याही तक्त्याच्या टोकालाच असतो. माझा आक्षेप आहे तो कारण न शोधता २०डब्ल्यू-५० ओतण्याला. पंपाच्या नळीच्या तोंडाची जाळी तुंबली असेल तर जाड तेल तिच्यातून आणखी कष्टाने येणार. इथे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो. अशा सकाळी ते टर्बोपर्यंत, हायड्रॉलिक चेन टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचणार. आणि बेअरिंग झिजलं असेल तर ते झिजलेलंच राहणार, फक्त आता सांगणारा दिवा बंद. कार्बोरेटरच्या काळात स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून द्यायचे, तोही याच जातीचा उपाय.

‘सेन्सर गेला’ हे मतही तपासून घ्यायचं आहे, नाकारायचं नाही. स्विच खरंच जातात. पडदा फाटला की तेल आतून कनेक्टरमध्ये झिरपतं. कनेक्टर काढला आणि बोटाला ओलसर तेल लागलं तर स्विच बदलाच, हा एक अपवाद; साध्या गाड्यांत काही शे रुपयांचं काम आहे. एक वायर असलेल्या साध्या स्विचची आणखी सोपी चाचणी आहे: चावी फिरवून दिवा पेटलेला असताना ती वायर काढून हवेत धरा. दिवा विझायला हवा. तसाच राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, नाहीतर उंदरांनी कुरतडली आहे. स्विच आणि दिवा यांच्या मध्ये ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही, तिथे स्कॅनर लावतात. स्कॅनरबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. पी-०५२४ असा दाब कमी असल्याचा कोड आला की ‘कॉम्प्युटरने तपासलं’ असं म्हणतात. कॉम्प्युटर त्याच स्विचचं किंवा सेन्सरचं ऐकून बोलतो. साक्षीदार एकच आहे, त्याची साक्ष दोनदा नोंदवली इतकंच.

वेगळी साक्ष देतो तो मेकॅनिकल गेज. आमच्या भागातल्या एका छोट्या गॅरेजात हे काम मी जवळून पाहिलं आहे. मिस्तरीने इंजिन आधी चांगलं गरम होऊ दिलं, पंखा एकदा चालून बंद होईपर्यंत. इंजिन बंद करून स्विच खोलला, तशी तेलाची एक बारीक धार त्याच्या मनगटावर आली. भोकाचे आटे कपड्याने पुसून त्यात पितळी ॲडॅप्टर बसवला, खाली तांब्याचा वॉशर, आणि त्याला जाड रबरी नळी असलेला गोल गेज. नळी पंख्याच्या पट्ट्यापासून दूर बांधली. इंजिन सुरू केलं तसा काटा थरथरत वर गेला आणि एक बारच्या किंचित खाली स्थिरावला. ‘एसी चला दीजिए,’ तो म्हणाला. काटा जरा हलला, पण खाली आला नाही. ३,००० फेऱ्यांना साडेतीनच्या पुढे. ‘इंजन ठीक है आपका, स्विच डाल देता हूँ.’ पंधरा-वीस मिनिटांचं काम. याच गाडीला दुसरीकडे चेंबर उतरवण्याचा खर्च सांगितला होता.

उलटही होतं. काटा आयडलिंगला पाव बारवर आणि ३,०००ला दीडच्या खाली असेल, तर स्विचने खरंच सांगितलं होतं आणि आता खाली जाणं भाग आहे. आकड्यांचा अर्थ लावताना ‘दर १,००० फेऱ्यांमागे १० पीएसआय’, म्हणजे साधारण ०.७ बार, हा जुना ठोकताळा मिस्तरी वापरतात. जुन्या इंजिनांना तो बरा लागू पडतो. ०डब्ल्यू-२० तेलावर आणि दाब स्वतः कमी-जास्त करणाऱ्या पंपावर चालणाऱ्या नव्या इंजिनांना तो लावू नये. त्यांच्यात कमी भाराला दाब मुद्दाम कमी ठेवतात. खरा आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच.

चेंबर उतरवल्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. पंपाच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते. वेळेवर तेल न बदललेल्या गाडीत तिच्यावर काळी जेली बसलेली असते, बोटाने ओढली तर तार येते. आपल्याकडे आणखी दोन कारणं हटकून सापडतात. पहिलं म्हणजे सिलिकॉन. आधी कधीतरी चेंबर बसवताना हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला पिळून निघतं, वाळतं, तुटतं आणि त्याच्या गोळ्या जाळीत जाऊन बसतात. दुसरं, स्पीड ब्रेकर. चेंबर खालून ठोकला जाऊन आत वाकतो, जाळी आणि तळ यांत बोटभर असलेली जागा नाहीशी होते आणि पंपाला तेल ओढताच येत नाही. तेल पूर्ण भरलेलं, स्विच नवा, तरी दिवा; अशा गाडीखाली वाकून एकदा चेंबरचा तळ पाहावा.

इथेच इंजिन फ्लशचा मोह होतो. डिझेल घालून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, की मळ सुटतो. सुटतो हे खरं आहे, पण सुटलेला मळ जातो त्याच जाळीकडे. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात फ्लश करू नये असं मी स्पष्टपणे म्हणेन. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करणं महाग वाटतं, पण तोच खरा इलाज आहे. त्याच वेळी जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बघून घ्यावा; त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला तर पंपाने दिलेलं तेल तिथूनच परत खाली येतं.

जाळी तुंबवणारा एक नवा प्रकार गेल्या दशकात आला: तेलात भिजत फिरणारा पट्टा. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात असा पट्टा आहे. अमेरिकेत २०२३च्या अखेरीस फोर्डने ऑइल पंप चालवणाऱ्या पट्ट्याच्या दोषासाठी फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. पट्ट्याचे दात किंवा टेन्शनर गेला की तेलाचा दाब जातो, असं कारण होतं. त्यातल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळ तयार होऊन तिकडे गेलेल्या होत्या. अशा इंजिनात ग्रेड आणि प्रत पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच वापरावी लागते. चुकीच्या तेलात पट्टा फुगतो, झडतो आणि त्याचा भुसा जाळीत.

जाळी स्वच्छ, पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक, म्हणजे मग बेअरिंग. कॅप खोलून बेअरिंगचा अर्धगोल शेल उलटा केला की उत्तर दिसतं. चांगला शेल मंद राखाडी असतो. वरचा थर झिजला की खालून तांबूस रंग डोकावतो आणि बोटाला रेघा लागतात. क्लिअरन्स मोजायला प्लास्टिगेजची तार मिळते. ती शाफ्टवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने कसायची, परत खोलायची आणि दबलेल्या तारेची रुंदी पट्टीशी जुळवायची. झीज नेहमी मालकाच्या हलगर्जीपणाचीच असते असं नाही. ह्युंदाईने २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या, कारण कारखान्यात क्रँकशाफ्ट कोरताना राहिलेला धातूचा कीस तेलाच्या वाटा अडवत होता आणि बेअरिंग जात होती.

बेअरिंग वेळेत, क्रँकला चरे पडण्याआधी सापडली तर नवे शेल बसवून काम भागतं. चरे पडले की क्रँक ग्राइंडिंगला जातो, अंडरसाइज शेल येतात, आणि रिंग-पिस्टनही आता उघडलंच आहे तर करून घ्या, असं म्हणत बिल वाढत जातं. पुण्याला लग्नाला निघालोय, हजारावर किलोमीटर जायचं आहे, दिवा फक्त सिग्नलवर लुकलुकतो, जाऊ का, असं ग्वाल्हेरातल्या अनेक मराठी घरांत विचारलं जातं. डिपस्टिक बरोबर असेल, गेजचा आकडा मॅन्युअलशी जुळत असेल, खालून ठोक्यांचा आवाज नसेल, तर जा. यातलं एकही पाहिलेलं नसेल तर रेल्वेने जा.

जुनी गाडी घेतानाही हीच तपासणी कामाला येते. ग्वाल्हेरात गाडी घेण्याचा खरा मोसम मेळ्याचा. १९०५ साली महाराजा माधवराव शिंदे यांनी सुरू केलेल्या या व्यापार मेळ्यात अलीकडे अनेक वर्षं रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळत आली आहे, त्यामुळे नव्या गाड्या मोठ्या संख्येने निघतात आणि त्यांच्याबरोबर घराघरांतल्या जुन्या गाड्या विकायला निघतात. जुनी गाडी घेताना इंजिन थंड असतानाच जा. विकणारा म्हणेल, ‘दादा, तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली,’ तर दुसऱ्या दिवशी परत या. चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका: तेलाचा लाल दिवा पेटायलाच हवा. पेटला नाही तर कोणीतरी बल्ब काढला असेल किंवा वायर सोडवली असेल. मग इंजिन सुरू करून काही सेकंदांत तो विझतो का पाहा, अर्धा तास एसी लावून फिरवा आणि परत आल्यावर आयडलिंगला ठेवून पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसा. काडीवरचं तेल मधासारखं जाड लागलं तर ते का घातलं हे विचारा, आणि सौदा ठरण्याआधी स्वतःच्या खर्चाने गेज लावून घ्या. विकणाऱ्याने त्याला नकार दिला तर ती गाडी घेऊ नका.